‘पारंपरिक’ म्हणजे कोण? इंडी गाण्याची समीक्षा लिहिताना

इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतंत्रपणे केलेल्या, संगीतावरच्या बहुतेक मराठी लेखांत गायिकेचे डोळे असतात, तिचं ‘वेगळेपण’ असतं, ‘सामाजिक भान’ तर हमखास असतं. गिटार कोणी वाजवली ते मात्र शोधून सापडत नाही. समीक्षा लिहायची असेल तर सुरुवात तिथूनच करा. कोणी काय केलं ते आधी शोधा, मत नंतर बनवा.

घरी ऐकताना

गाणं तीनदा ऐका, तिन्ही वेळा वेगळ्या रीतीने. पहिल्यांदा वही मिटलेली. दुसऱ्यांदा हेडफोनवर, हातात पेन घेऊन, प्रत्येक नोंदीपुढे वेळ टाकून: ‘१:४२, ड्रम थांबतात, फक्त आवाज आणि पेटी’. ‘मध्यावर छान वळण’ ही नोंद दोन दिवसांनी तुमची तुम्हालाच कळणार नाही. तिसऱ्यांदा फोनच्या स्पीकरवर. तो खालचे सूर जवळजवळ गिळून टाकतो, त्यामुळे बेस काढून घेतल्यावर गाणं उभं राहतं का ते लगेच कळतं. लोकलमध्ये ब्लूटूथ लावून ऐकलेलं या तीनांत धरू नका. डब्याची घरघर खालच्याच पट्टीत असते, म्हणून बेस पडेल वाटतो आणि दोष बिचाऱ्या बेसवाल्याच्या नावावर लागतो.

दोन गाण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी जुळवून घ्या. जे मोठ्याने वाजतं ते कानाला आपसूक बरं वाटतं. स्पॉटिफायवर व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू असलं की गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) येतात. एक गाणं तिथे आणि दुसरं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून, अशी तुलना करू नका.

नावं काढा

स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांत क्रेडिट्स असतात. बँडकॅम्प आणि यूट्यूबवर खालच्या वर्णनात. शब्द, चाल, प्रोड्यूसर, मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवणं), मास्टर (त्यावरचा शेवटचा हात) ही पाच नावं वहीत उतरवा. अपुरी असतील तर कलाकाराला ईमेल करून एकच नेमका प्रश्न विचारा: ‘दुसऱ्या कडव्यामागचे स्वर कोणाचे?’ ‘तुमच्या सांगीतिक प्रवासाबद्दल सांगा’ असं विचारलंत तर उत्तरादाखल प्रसिद्धिपत्रक येईल.

नावं हाती आली की गाण्यातली ‘मी’ कोण ते बघा. हा प्रश्न मराठीला नवा नाही. शृंगारिक लावणीत ‘मी’ म्हणणारी बाई असते; रामजोशी, होनाजी बाळा यांच्या काळापासून ती बहुतेक वेळा पुरुष शाहिराने लिहिलेली आहे. जात्यावरच्या ओवीत ‘मी’ म्हणणारी, रचणारी आणि दळणारी एकच. दोन्हींत दर्जेदार रचना आहेत, पण दोन्हींना ‘स्त्रीचा आवाज’ असं एकच लेबल लावलं की समीक्षा तिथेच संपली. आजच्या गाण्यालाही तोच निकष लावा. गायिका प्रथमपुरुषी गाते आणि शब्द-चाल-प्रोडक्शन तिन्ही दुसऱ्याचं असेल तर गाणं खोटं ठरत नाही. पण ‘तिने आपली व्यथा मांडली’ हे वाक्य खोटं ठरतं.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भागात यापेक्षा अवघड प्रकार वरचेवर भेटतो. आगरी-कोळी ठेक्यावर इलेक्ट्रॉनिक संगीत बांधतात आणि मध्येच एका म्हातारीचा खणखणीत गळा येतो. बऱ्याचदा तो धवलारणीचा असतो. ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी चालवणारी ही बाई. म्हणजे लग्न लावणारी बाई आपल्याकडे घणसोली, दिवाळे या गावांच्या अंगणात पूर्वीपासून आहे, स्त्रीवादावर लिहिताना लांब जायची गरज नाही. क्रेडिटमध्ये मात्र ‘पारंपरिक’ एवढंच लिहिलेलं असतं. चाल पारंपरिक असेल, गळा पारंपरिक नसतो. कायदाही हा फरक करतो: गाणाऱ्याचा परफॉर्मर म्हणून हक्क चालीच्या हक्कापेक्षा वेगळा आहे. म्हणून विचारा: ध्वनिमुद्रण कोणी केलं, कुठे केलं, बाईंचं नाव काय, मोबदला ठरला होता का? उत्तर आलं तर छापा. आलं नाही तर ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’ हेही छापा. ‘मातीचा गंध’ वगैरे लिहून ती जागा भरू नका.

गिगला (गाण्याच्या कार्यक्रमाला) उभं कुठे राहायचं

साउंड कन्सोलच्या, म्हणजे इंजिनिअर जिथून सगळे आवाज कमीजास्त करतो त्या टेबलाच्या, शेजारी. इंजिनिअर स्वतःच्या कानाला लागतं तसं मिक्स करतो, त्यामुळे तिथे ऐकू येतं ते सगळ्यांत खरं. स्टेजला चिकटून उभं राहिलात तर ड्रम आणि अ‍ॅम्प थेट अंगावर येतात, गाण्याचा आवाज मुख्य स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून निघून जातो. मग ‘गायिका दबली’ असं चुकीचं लिहिलं जातं. भिंतीला टेकलात तर बेस फुगतो. पोझिशन एकदा बदलून खात्री करा आणि मगच दोष द्या.

स्पीकरमधून शिट्टी वाजली तर गायिकेचा हात बघा. माइकची जाळी मुठीत आवळून धरली की माइक चहूबाजूंचा आवाज उचलतो आणि फीडबॅक सुरू होतो. हा दोष तिचा. जाळी मोकळी असून शिट्टी येत असेल तर कन्सोलकडे बघा.

कानात बोळे घाला. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कान बधिर झाल्यावर वरचे सूर कमी ऐकू येतात आणि शेवटचा बँड उगाचच ‘मऊ’ वाटतो.

ठाण्यातल्या उपवनसारख्या उघड्या जागेत कार्यक्रम दहाला संपतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशीच सूट मिळते. तिथे शेवटची दोन गाणी घाईत गुंडाळली गेली तर आधी कोण उशिरा सुरू झालं ते तपासा. लोअर परळ, खारच्या बंद जागांत उलटी पंचाईत. गिग लांबत जातं आणि आपल्याला गाडी गाठायची असते. शेवटची गाणी सोडून निघालात तर समीक्षेत तसं लिहा.

गाडीवरून एक मोजमापाचं काम. नऊ वाजता आणि पुन्हा अकरा वाजता खोलीतल्या बायका मोजा. अंदाजे शंभरात किती, इतकं पुरे. पोस्टरवर ‘फक्त महिला कलाकार’ छापून मुख्य गायिकेला पावणेबाराला स्टेजवर आणलं, तर डोंबिवली-खारघरची मुलगी ते ऐकणार कशी? हे दोन आकडे परिच्छेदभर स्त्रीवादापेक्षा जास्त बोलतात.

शब्द

एक वाक्य घ्या: ‘नाजूक अंगकाठीच्या या मुलीच्या आवाजात कमालीची ताकद आहे.’ यात मुलीच्या जागी बँडमधला दाढीवाला बेसिस्ट घालून वाचा. हसू आलं? वाक्य खोडा. त्याऐवजी कानाने ऐकलेलं लिहा: ‘ध्रुवपदात ती एकच शब्द चारदा म्हणते आणि दर वेळी ठेक्याच्या किंचित मागे राहते, ड्रम पुढे ओढतो, ती अडून बसते.’ ताकद कुठून येते ते वाचकाला आपोआप कळतं. ‘महिला रॅपर’मधलं ‘महिला’ही बहुतेक वेळा काढता येतं.

उलटी चूक तितकीच वाईट. गाण्याचा विषय योग्य आहे म्हणून रटाळ चालीला पाठ थोपटणं हा कलाकाराचा अपमान आहे. तिच्याकडून गाण्याची अपेक्षाच नव्हती असा त्याचा अर्थ होतो.

बातमी आणि गाणं

चालू घडामोडींशी सांधा जोडायचा तर तारखा शेजारीशेजारी मांडा. रॅपर सोफिया अश्रफचं ‘कोडईकनाल वोन्ट’ जुलै २०१५ मध्ये आलं. विषय होता कोडईकनालमधल्या हिंदुस्थान युनिलिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. ‘गाण्याने न्याय मिळवून दिला’ हे लिहायला हात शिवशिवतो. पण कारखाना २००१ मध्येच बंद झाला होता आणि माजी कामगार २००६ पासून मद्रास उच्च न्यायालयात भांडत होते. गाण्याने प्रकरण देशभर पोचवलं, इतकं म्हणता येतं. चाल एका गाजलेल्या अमेरिकन गाण्याची होती, तेही सांगितलं पाहिजे: लोकांच्या तोंडी आधीच बसलेली चाल घेणं हा चळवळीच्या गाण्याचा जुना डाव, आपल्या शाहिरांनीही तो खेळला आहे.

कलाकारावर लैंगिक छळाचे आरोप असतील तर ‘आरोप’, ‘तक्रार दाखल’, ‘दोषी’ या तीन पायऱ्या एकमेकींत मिसळू नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ओळख नावाशिवायही उघड होते: ‘त्या बँडची माजी कीबोर्डवादक’ म्हटलं की झालंच. दहाहून कमी माणसांच्या कामाच्या जागेला छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती सक्तीची नाही, तिथली तक्रार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडमध्ये. हे चुकलं तर वाचणारी भलत्याच कचेरीत हेलपाटे घालेल.

गाण्याच्या ओळी समीक्षेसाठी उद्धृत करायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. ‘चार ओळी चालतात’, ‘३० सेकंद चालतात’ असा आकडा त्यात कुठेच नाही. ज्या ओळीवर बोलायचं आहे तेवढीच घ्या.

छापण्याआधी

पहिला खर्डा हजार शब्दांचा झाला तर सहाशेवर आणा. आधी विशेषणं जातील, मग पहिला परिच्छेद. तो बहुधा घसा खाकरण्यातच गेलेला असतो. उरलेलं फोनला मोठ्याने वाचायला लावा आणि ठाणे-वाशी गाडीत कानात घालून ऐका. जिथे तुम्हीच खिडकीबाहेर बघू लागाल तिथे खूण करा. तिकीट स्वतः काढलं की पास मिळाला होता ते शेवटच्या ओळीत लिहा. नाव चुकल्याचं नंतर कळलं तर मजकूर गुपचूप बदलू नका. दुरुस्ती तारखेसह खाली द्या, आणि वही निदान वर्षभर जपा, कारण आठ महिन्यांनी तीच धवलारीण दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्यात ऐकू येईल, पुन्हा बिनानावाची.