आपला मेथुसेला कसा शोधायचा

गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये (चौकोनांच्या मैदानावर ठरलेल्या नियमांनी सेल, म्हणजे भरलेले चौकोन, जगतात-मरतात; प्रत्येक पायरी म्हणजे एक पिढी) मोजक्या सेलपासून सुरू होऊन शेकडो-हजारो पिढ्या शांत न होणाऱ्या पॅटर्नला मेथुसेला म्हणतात. नवा शोधायचा असेल तर आधी आर-पेंटोमिनो या पाच सेलच्या पॅटर्नची पहिली पिढी कागदावर करा. वरच्या ओळीत मधला आणि उजवा चौकोन भरा, मधल्या ओळीत डावा आणि मधला, खाली फक्त मधला. भोवतालचे आठही चौकोन, तिरके धरून, शेजारी. जिवंत सेलला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर तो टिकतो, नाहीतर मरतो. रिकाम्या जागेला नेमके तीन असले तर तिथे जन्म. आता मोजा. मधोमधच्या सेलला चार शेजारी, तो गेला. डावीकडचे वरचा आणि खालचा कोपरा रिकामे, पण दोघांनाही तीन-तीन; तिथे जन्म. पाचाचे सहा झाले! हा टप्पा मी कुणालाही गाळू देत नाही.

मग गॉली (हा खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) उघडा. ६९व्या पिढीत पहिला ग्लायडर, म्हणजे तिरका सरकत जाणारा पाच सेलचा आकार, सुटतो (रिचर्ड गाय यांना ग्लायडर सापडला तो याच पॅटर्नचा माग काढताना), आणि ११०३व्या पिढीला सगळं स्थिरावतं: ११६ सेल, त्यात सहा ग्लायडर. मैदान मात्र अमर्याद ठेवा. कडा जोडलेल्या मैदानात ग्लायडर फिरून परत येतात, आदळतात आणि आकडा बिघडतो.

स्वतःचा पॅटर्न मांडताना सममिती टाळा. सममित सुरुवात शेवटपर्यंत सममितच राहते, आणि बहुतेकदा लवकर थंडावते. सरळ रेघाही नकोत: चार सेलची रेघ लगेच बीहाइव्ह (न बदलणारा आकार) होते, दहाची पेंटाडेकॅथलॉन (तेच फेरे घेत राहणारा आकार). माझा भर तुकडे थोडे सुटे ठेवण्यावर असतो. चार्ल्स कॉर्डरमन यांचा एकॉर्न पाहा: खाली दोन सेल, दोन जागा मोकळ्या, मग तीन सेल, त्यावरच्या ओळीत चौथ्या रकान्यात एक, आणखी वर दुसऱ्या रकान्यात एक. अवघे सात सेल, चालतात ५२०६ पिढ्या. असा एखादा मांडा, एकच सेल एक घर सरकवा आणि पुन्हा चालवा. आयुष्य किती बदलतं ते बघून मला अजूनही थरार वाटतो.

पॅटर्न थांबला हे ठरवायची घाई नको. ब्लिंकरचे (आडवी-उभी होत राहणारी रेघ) सेल कायम तीन, ग्लायडरचे पाच, त्यामुळे एखादा ग्लायडर दूरच्या ब्लॉककडे (चार सेलचा स्थिर चौकोन) निघालेला असतानाही एकूण आकडा जराही हलत नाही. झूम आउट करा, प्रत्येक ग्लायडरची दिशा पाहा, वाटेत काही नाही याची खात्री करा. उलट पल्सर (आकार बदलत राहणारा पॅटर्न) उरला असेल तर आकडा दर तीन पिढ्यांनी तोच फेरा घेत राहतो. तेही स्थिरच धरायचं. मग मागे जाऊन शेवटचा खरा बदल कोणत्या पिढीत झाला ते शोधा आणि तो आकडा मूळ मांडणीसोबत लिहून ठेवा.