‘केस टाकतो’ म्हणण्याआधी या चुका टाळा

शेजाऱ्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला? केस टाक. संत्र्याच्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले? केस टाक. आमच्या वऱ्हाडात कोर्टकचेरीला हा एकच शब्द चालतो आणि त्यापायी कास्तकार भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. वाटा दोन आहेत. दावा दाखल करायचा तो दिवाणी कोर्टात, पैसा, ताबा किंवा मनाईहुकूम मागायला. तिथे तुम्ही वादी, समोरचा प्रतिवादी. खटला चालतो तो गुन्ह्याचा, शिक्षेसाठी. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की खटला सरकार चालवते. तुम्ही फिर्यादी, म्हणजे कोर्टाच्या लेखी एक साक्षीदार. म्हणून ‘मी केस मागे घेतो’ हे दरवेळी तुमच्या हाती नसते.

सगळ्यात महागात पडते ती पैशाच्या व्यवहारासाठी पोलीस ठाण्याची चक्कर. वरूड-मोर्शीकडे बाग झाडावरच विकली जाते. इसार मिळतो, तोड होते, बाकी रक्कम अडकते. मग ठाणेदाराकडे फसवणुकीचा अर्ज. पण फसवणूक ठरायला बुडवायचा इरादा सौदा करतानाच होता, हे दिसावे लागते. नुसते पैसे थकवणे म्हणजे करारभंग, त्याला दावाच. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षे, आणि ठाण्यातल्या अर्जाने ती थांबत नाही. हे कळकळीने सांगतो, कारण ‘साहेब बोलावतो म्हणाले’ या भरवशावर हंगामामागून हंगाम निघून जातात. इरादा खरेच वाईट होता असा पुरावा असेल, तर दावा आणि फिर्याद दोन्ही करता येतात.

व्यापाऱ्याचा चेक परत आला तर गोष्ट वेगळी. 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 फौजदारी आहे, पण त्याची तक्रार ठाण्यात नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. नोटिसीचे 30 दिवस हुकले आणि चेकची 3 महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा बँकेत टाका. नाहीच जमले, तर वसुलीचा दावा उरतोच.

धुऱ्याच्या भांडणात शिवीगाळ झाली की ठाण्यातून एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा कागद मिळतो. तो जपून ठेवणारे खूप, पण त्याने केस सुरू होत नाही. गुन्हा अदखलपात्र असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. त्या कागदाने वावरही परत मिळत नाही. शेजाऱ्याने जबरदस्तीने ताबा घेतला असेल, तर 6 महिन्यांच्या आत दावा लावा. त्या दाव्यात मालकी शाबीत करत बसावे लागत नाही, ताबा तुमचा होता एवढे दाखवले की पुरते. मालकीच्या आधारावर ताबा मागायला 12 वर्षे आहेत, पण ते काम लांबते. पांदण किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जा. मुदत तिथेही 6 महिनेच.

अर्जनविसाकडून कागद लिहून घेताना आधी शेवटची विनंती वाचा. वर ‘फिर्याद’ आणि खाली ‘ताबा मिळावा’ असे असेल, तर सही करू नका. वकिलाची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100.