मार्करला टिप: किती, कधी आणि कशी

स्नूकरच्या टेबलापाशी ‘टिप’ म्हटलं की आधी क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावरचं चामडं आठवतं. इथे विषय दुसऱ्या टिपचा आहे: गोव्यात मार्करला, म्हणजे टेबल सांभाळून स्कोअर मांडणाऱ्या माणसाला, द्यायच्या बक्षिसीचा. आणि ती बहुतेकदा चुकीच्या माणसाला मिळते.

टेबलाचं भाडं मालकाचं. खाण्यापिण्याच्या बिलावरची टिप वेटरची. मधल्या मध्ये राहून जातो मार्कर. तो नुसता स्कोअर मांडत नाही. १५ लाल, ६ रंगीत आणि एक पांढरा, असे २२ बॉल तो लावतो, आणि शेवटच्या लालनंतरच्या रंगीत बॉलपर्यंत पॉकेट झालेला प्रत्येक रंगीत बॉल काढून जागेवर ठेवतो. कापडावर ब्रश फिरवतो तोही डीकडून (जिथून खेळ सुरू होतो त्या अर्धवर्तुळाकडून) काळ्या बॉलच्या दिशेनं, कारण लव तिकडे झुकलेली असते. उलटा फिरवला तर ती उभी राहते आणि हळू मारलेला बॉल वाट सोडतो. गोव्याच्या पावसाळ्यात दमट कापडावर बॉल जड चालतात, तेव्हा हे काम वाढतं.

शिरतानाच काउंटरवर दोन गोष्टी विचारून घ्या: दर तासाचा की फ्रेमचा (म्हणजे एका डावाचा), आणि मार्कर मिळेल का. मेंबरांच्या क्लबात पाहुणे म्हणून आला असाल तर तुम्हाला नेणाऱ्या मेंबरालाच विचारा. अशा बऱ्याच क्लबांत नोकरवर्गाला रोख टिप द्यायला मनाई असते. तिथे गुपचूप नोट सरकवलीत तर अडचणीत तो येतो, तुम्ही नाही.

खिशात पन्नासच्या नोटा ठेवा. पाचशेची मोड शोधत बसलं की टिप राहूनच जाते.

आकड्यांचा ठोकताळा असा: दोन तास मार्कर उभा राहिला तर ५० रुपये, चौघांनी मिळून खेळलात तर १००. क्यूची निघालेली टिप त्यानं चिकटवून दिली, तर सामानाचे पैसे वेगळे आणि हाताचे ५० वेगळे. किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या किंवा बारमधल्या पूल टेबलाला मार्कर नसतो. तिथे बॉल स्वतः लावा आणि वेटरला बिलाच्या ५ ते १० टक्के द्या.

त्याआधी बिल वाचा. जीएसटी सरकारचा, सेवा शुल्क वेगळं. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल-रेस्टॉरंटला सेवा शुल्क परस्पर लावता येत नाही. काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

पैसे द्यायचे शेवटची फ्रेम संपल्यावर. खेळ चालू असताना कधीच नाही: फाउल सांगणाराही तोच असतो, आणि समोरच्या खेळाडूला ती नोट टिप वाटत नाही. पैजेचा डाव असेल तर जिंकलेल्यानं त्यातून वाटा देणं आणखी वाईट. दोघांनी सारखी रक्कम काढा. नोट कुशनवर (टेबलाच्या कडेवर) टाकून जाऊ नका, हातात द्या, सोबत ‘देव बरें करूं’, म्हणजे कोकणीत धन्यवाद, म्हणा. यूपीआयनं देणार असाल तर काउंटरवरचा क्यूआर मालकाचा असतो; मार्करचा नंबर विचारा.

नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर दर वेळी थोडं कमी चालेल, पण चतुर्थीला किंवा नाताळाला पाकीट चुकवू नका.

आणि क्यू घुसून कापड फाटलं, तर ते जास्तीची टिप देऊन मिटवू नका. लगेच काउंटरवर सांगा. नाहीतर ठपका मार्करवर येतो.