मनगटातली गाठ नस दाबते तेव्हा

हातातली गाठ म्हटलं की मनगटाच्या मागे आलेला टरटरीत उंचवटा डोळ्यांसमोर येतो. ती बहुतेक वेळा गँग्लियन असते, म्हणजे सांध्याच्या आवरणातून बाहेर आलेली, घट्ट चिकट द्रवाने भरलेली पिशवी. दुखत नसेल तर तिला हात लावायचं कारण नाही, आणि तिचा कॅन्सर होत नाही. मला लिहायचंय ते हीच गाठ आडजागी आली तर काय करायचं याबद्दल. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, दोन छोट्या हाडांच्या मधून एक अरुंद वाट जाते. तिला गियॉनचा बोगदा म्हणतात. त्यातून अल्नर, म्हणजे करंगळीकडची, नस जाते आणि शेजारूनच रक्तवाहिनी. तिथे वाटाण्याएवढी गाठ झाली तरी नस दाबली जाते. बाहेरून काही दिसत नाही, हात मात्र वाळत जातो.

आधी बधिरपणा तपासा. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी कापसाच्या टोकाने एकेका बोटाला हळूच स्पर्श करायला सांगा. अनामिकेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. करंगळीकडची बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची शाबूत असेल, तर दोष मानेत असण्यापेक्षा हाताच्या नसेत असण्याची शक्यता जास्त, कारण मानेतून येणारी नस दाबली गेली की सहसा अख्खं बोट बधिर होतं. मग हात पालथा करा. करंगळीमागचा हाताचा पंजाही बधिर असेल तर नस मनगटाच्या वर, बहुधा कोपरापाशी, दाबली जातेय. पंजाच्या त्या भागाकडे जाणारी फांदी मनगटाच्या बरीच आधी वेगळी होते, त्यामुळे बोगद्यातल्या गाठीत तो भाग शाबूत राहतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर ती दुसरी नस, मिडियन.

आता ताकद. लग्नपत्रिकेचा कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत सपाट धरा आणि समोरच्याला ओढायला सांगा. चांगल्या हाताचा अंगठा सरळ राहतो. अल्नर नस दुबळी असेल तर अंगठ्याचं पुढचं पेर वाकतं, कारण थकलेल्या स्नायूच्या मदतीला मिडियन नसेवरचा स्नायू धावून येतो. ही फ्रोमाँची खूण. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हात तपासताना या फ्रेंच डॉक्टरांनी 1915 मध्ये ती नोंदवली, आणि आजही तिला मशीन लागत नाही. शेवटी दोन्ही हात उजेडात शेजारी शेजारी धरून अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग पाहा. एका हाताला तिथे खळगा पडला असेल तर पुढचं वाचत बसण्याआधी अपॉइंटमेंट घ्या.

बधिरपणा अजिबात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. कात्री हातातून सुटायची, काजं करताना सुई चिमटीत राहायची नाही. स्पर्श मात्र सगळा ठीक. मानेचा एक्स-रे काढून झाला होता, गळ्यात पट्टा होता, महिने गेले होते. बोगद्यात अल्नर नसेच्या दोन फांद्या होतात, एक स्पर्शाची आणि एक खोल जाणारी, स्नायूंची. ताईंची गाठ नेमकी दुसरीवर बसली होती. चाळिशीनंतर पुष्कळांच्या मानेच्या एक्स-रेत काही ना काही झीज दिसते. म्हणून हात वाळत असेल तर नुसत्या मानेच्या एक्स-रेवर समाधान मानू नका, असं मी प्रत्येक पेशंटला कळकळीने सांगते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वगळून चालत नाही, ती म्हणजे कुष्ठरोग. तो याच अल्नर नसेला धरतो, पण सहसा कोपरापाशी. कोपराच्या आतल्या हाडामागची नस दोरीसारखी जाड लागते का आणि अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा आहे का, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. सरकारी दवाखान्यात याची औषधं मोफत मिळतात, आणि लवकर घेतली तर हात वाचतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर साधारण क्रम असा. बोटाने चाचपणं आणि नसेवर हलकी टिचकी मारून करंगळीत झिणझिण्या जातात का ते पाहणं. नर्व्ह कंडक्शन म्हणजे नसेतून विजेचा संदेश कसा जातो याची तपासणी, तिने नस कुठे अडलीय ते कळतं. ती सांगताना अंगठा आणि तर्जनीमधल्या स्नायूचीही नोंद घ्यायला सांगा. नुसती करंगळीची तपासणी करून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सोनोग्राफीत पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक कळतो, शिवाय ती धडधडतेय का तेही. तळहाताचा हातोडीसारखा वापर करणाऱ्यांत तिथली रक्तवाहिनी फुगते आणि ती गाठीसारखीच लागते. म्हणून या जागी अंदाजाने सुई घालू देऊ नका, आणि नाणं दाबून किंवा चोळून गाठ फोडायला तर मुळीच नको. एमआरआयमध्ये नेमका नकाशा मिळतो.

गाठ चरबीची असेल तर ती एमआरआयमध्ये स्पष्ट ओळखू येते आणि अलगद निघते. नसेच्या आवरणातूनच निघालेली श्वानोमा आडवी हलते, नसेच्या लांबीत हलत नाही, आणि तिला दाबलं की नसेभर कळ धावते. ती दुर्बिणीखाली नसेचे धागे बाजूला सारून काढतात. नस कापावी लागत नाही. लहानपणापासून मिडियन नसच चरबीने फुगलेली असेल, तर मात्र ती गाठ काढण्याच्या फंदात पडत नाहीत, फक्त वरचा पट्टा कापून जागा मोकळी करतात. झपाट्याने वाढणारी, खोल, कडक किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल तर कापाकापीआधी कॅन्सर नाही ना याची खात्री हवी.

स्नायू दुबळा झाला असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ऑपरेशन हात बधिर करून होतं. दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवतात, कारण रक्ताच्या डागात नसेची फांदी दिसत नाही. करंगळीच्या उंचवट्याच्या कडेने चीर घेऊन नस आधी मनगटात शोधायची आणि मग खोल फांदीचा माग काढत गाठीपर्यंत जायचं. गाठीचा देठ बहुधा मनगटाच्या छोट्या सांध्यातून आलेला असतो. तो मुळापासून काढला नाही तर गाठ पुन्हा येते. काढलेली गाठ बायोप्सीला पाठवलीच पाहिजे, कितीही साधी दिसो.

त्यानंतर हात छातीपेक्षा उंच ठेवा आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. नस नुसती दबलेली असेल तर काही आठवड्यांत पकड सुधारते. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, तेवढा धीर धरावा लागतो. दीड वर्षाहून जास्त वाळलेला स्नायू सहसा परत येत नाही. मग दुसऱ्या स्नायूची दोरी वळवून पकड मिळवून देता येते. ताईंची चिमटी परत आली. खळगा थोडा राहिला.

घरी बोटं फाकवा आणि मिटवा, पत्त्याचं पान दोन बोटांत धरून ओढा. करंगळी आणि अनामिका वाकडी होत असतील तर स्प्लिंट मागून घ्या. बोटं निळी पडली, सूज वाढत गेली किंवा गोळीनेही कळ थांबेना, तर फोन करून विचारत बसू नका, त्याच रात्री दवाखान्यात या.