एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) चालणं सुधारायचंय? व्यायाम असा सुरू करा
आधी फिजिओला दाखवा, ६ मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे पुढे फरक कळतो. आठवड्यातून २ दिवस सायकल किंवा चालणं, हळूहळू ३० मिनिटांपर्यंत न्यायचं, आणि २ दिवस पायांची ताकद, खुर्चीतून उठ-बस तर नक्कीच करा. तोल सांभाळायचा सराव भिंतीजवळच, सोबत कुणीतरी हवंच. अंग तापलं की पाय जड होतात, नजर धूसर होते, घाबरू नका, आजार वाढलेला नसतो, गार झालं की बहुतेक वेळा उतरतं, म्हणून पंखा, गार पाणी जवळ ठेवा आणि मधेमधे बसा. त्रास दिवसभर टिकला तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.