ऑक्टोबरातील खायची फुलं: नागपूर भागासाठी सल्ला

कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) पावसाळी वेलावर या दिवसांत अजून फुलं असतात आणि हेटाही (हादगा) फुलू लागतो. तोडण्याआधी जागा पाहा. वेल कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) असेल तर फुलं खाऊ नका; फवारणी वाऱ्याने वेलावर येते आणि इतकं नाजूक फूल चोळून धुता येत नाही. पूजेसाठी विकत आणलेला झेंडू-गुलाबही ताटात नको. कण्हेर, धोतरा, बेशरम तर विषारीच, लहान मुलांना त्यांची ओळख आधीच करून द्या.

कोहळ्याची फक्त नर फुलं तोडा. नर फूल लांब, बारीक देठावर येतं. मादीच्या बुडाशी इवलंसं फळ दिसतं. वेलावर रोज 2-3 नर फुलं मधमाश्यांसाठी राहू द्या. सगळी खुडली तर परागकण मिळत नाहीत आणि कोवळं फळ पिवळं पडून गळतं. त्यावर युरिया देणं हा उलटा उपाय, वेल नुसता पाल्यावर जातो. फूल उजाडता उमलतं, ऊन चढलं की मिटतं, म्हणून सकाळीच तोडा आणि आत मुंग्या-भुंगेरे आहेत का ते उघडून, झटकून पाहा.

हेट्याच्या टपोऱ्या, उमलायला आलेल्या कळ्या घ्या. कळी उघडून मधला वाकडा दांडा आणि हिरवं देठ काढून टाका. भाजी कडू झाली तर बहुतेक वेळा हा दांडाच राहिलेला असतो. झाड सरळ उंच जातं आणि लाकूड ठिसूळ, त्यावर चढू नका. पुढच्या पावसाळ्यात लावाल तेव्हा रोप 4-5 फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या हाताशी येतात.

झुणक्याला चिरलेली फुलं 2 वाट्या, बेसन पाऊण वाटी, तेल 3 मोठे चमचे. मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, तिखट परतून फुलं घाला, 3 मिनिटं परता. पाणी घालू नका. मीठ टाकल्यावर फुलांना जे पाणी सुटतं त्यातच कोरडं बेसन भुरभुरवा, मंद आचेवर झाकून 5 मिनिटं. तरी बेसन कच्चं वाटलं तर पाण्याचा एक हबका मारा.

कुंडीत नवीन काही हवं असेल तर नॅस्टर्शियम आत्ताच पेरा: बी रात्रभर भिजवून 1 सेंमी खोल, माती हलकी, शेणखत अगदी थोडं. खत जास्त झालं की पानंच येतात. फुलं तिखटसर, अळिवाच्या पानांसारखी. काकडीच्या कोशिंबिरीत वाढतानाच घाला. मार्चच्या उन्हात हे रोप टिकत नाही, बी त्याआधी जमवा.