दिवाळीच्या रंगकामाआधी जुन्या ऑइल पेंटचं काय करायचं?

गणपती गेले की रंगारी मिळेनासे होतात, आणि मिळाला की तो पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन खिडक्या कोरड्या घासायला बसतो. घर जुनं असेल तर त्याला तिथेच थांबवा, त्या धुळीत शिसं हा विषारी धातू असू शकतो.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. पिवळा, नारिंगी, लाल हे भडक रंग जास्त संशयाचे, कारण त्यांत लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य वापरत. चुना आणि डिस्टेंपरच्या भिंतींची चिंता तुलनेने कमी. बघायचं ते दारं, चौकटी, ग्रिल, कठडे आणि जुना पाळणा.

घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो त्याच्या धुळीने. खिडकीचं झडप रोज चौकटीला घासतं आणि खालच्या पट्टीवर बारीक भुकटी साठते. रांगतं मूल उठून उभं राहताना नेमकं तिथेच हात टेकतं, मग हात तोंडात. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि सुरक्षित म्हणावी अशी त्याची पातळी माहीत नाही.

खात्री हवी असेल तर लाकडापर्यंतचा, सगळे थर आलेला रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. नुसता वरचा थर दिलात तर निकाल नव्या रंगाचा येईल. तपासणीला वेळ नसेल तर शिसं आहे असंच धरून चला.

जिथे रंग शाबूत आहे तिथे खरवडूच नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि वरून नवा रंग द्या. घासल्या जाणाऱ्या कडांवर मात्र हा उपाय टिकत नाही. झडप फार खराब असेल तर सरळ बदलून टाकणं मला जास्त पटतं.

पोपडे निघत असतील तर लहान मुलं आणि गरोदर बाई यांना काम संपेपर्यंत दुसरीकडे पाठवा. खोलीतलं सामान बाहेर काढा, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा टेपने चिकटवा, दारावरही प्लास्टिक लावा, पंखा बंद ठेवा. मग पाण्याचा फवारा मारत मारत वॉटर पेपरने (ओला वापरायच्या पॉलिश पेपरने) घासायचं. सँडिंग मशीन नको. ब्लोलँपने जाळून रंग काढणं तर अजिबात नको, त्यातून शिशाचा धूर निघतो. नाकाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही, निदान एन-९५ मास्क हवा. तो रंगाऱ्यालाही द्या, सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते. कामाच्या जागी चहा-बिडी नको.

शेवटी झाडू मारायचा नाही. प्लास्टिकवर पाणी शिंपडून ते आतल्या बाजूला गुंडाळा आणि दुहेरी पिशवीत बांधा. पोपडे कुंडीत टाकू नका, जाळूही नका. जमीन आणि खिडकीच्या पट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा, दर वेळी पाणी बदलून. कामाचे कपडे वेगळे धुवा.

मूल आधीच अशा धुळीत खेळलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. बाहेरून बऱ्याचदा काहीच लक्षण दिसत नाही.